डिझेलचा हात, पेट्रोलची गाडी



आज पिकावर नाही, गाडीवर लिहितो. मागच्या आठवड्यात रामटेकहून तुमसरकडे निघालो होतो. गाडीत आम्ही चौघं, डिक्कीत तांदळाचे दोन कट्टे. पुढे धानाचा ट्रक. रस्ता मोकळा दिसला म्हणून गाडी बाहेर काढली आणि पाचव्या गिअरमध्येच पाय दाबला. गाडी नुसती घुरघुरली. अर्धा ट्रक ओलांडतो तोवर समोरून बस! ब्रेक मारून कसाबसा मागे आलो. साळा म्हणाला, “भाऊजी, पेट्रोल गाडीत दमच नाही. डिझेलच घ्याले पाहिजे होती.”

मी गप्प राहिलो. पण चूक गाडीची नव्हती, माझ्या हाताची होती.

आपला हात ट्रॅक्टरवर तयार झाला आहे. चिखलणी करताना इंजिन दबलं तरी डिझेल मरत नाही, कमी फेऱ्यांवरच ओढतं. पेट्रोलचा ब्रश कटर आठवा. पूर्ण रेस दिल्याशिवाय तो गवत कापतो का? गाडीचंही तसंच आहे.

जुन्या स्विफ्टचं उदाहरण घ्या. गाडी एकच, इंजिनं दोन. १.३ लिटर डिझेल ७५ हॉर्सपॉवरचं, १.२ लिटर पेट्रोल ८३ चं. म्हणजे कागदावर पेट्रोलच पुढे. पण डिझेलचा १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० आरपीएमवरच मिळायचा. पेट्रोलचा ११३ च, तोही ४२०० वर. टॉप गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवरच फिरतं. तिथे डिझेल उचल घेतं, पेट्रोल झोपलेलं असतं. त्याला जागं करायला तिसरा गिअर टाकावा लागतो. टाकला की तेही पळतं.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. आपल्याकडे कितीतरी लोक पेट्रोलवर, सीएनजीवर आले. सीएनजीवर त्याच इंजिनचा दम आणखी कमी होतो. गाडी बदलली, हात डिझेलचाच राहिला. माझ्या मते खरा धोका हा आहे.

आता हिशोब करा. ट्रक ५० ने चालला आहे, समोरची गाडी ८० ने येते आहे. ट्रकची लांबी आणि पुढेमागे सोडायचं अंतर धरून तुम्हाला ट्रकपेक्षा ४५ मीटर जास्त कापायचे आहेत. तुम्ही ७० ने गेलात तर ८ सेकंद लागतात आणि समोर साधारण ३४० मीटर रस्ता मोकळा हवा. ६० नेच गेलात तर १६ सेकंद आणि ६३० मीटर! स्पीडमध्ये दहाचा फरक पडला की रस्ता जवळपास दुप्पट लागतो.

मग डिझेल चांगलं की पेट्रोल? मनसर ते नागपूर चौपदरी आहे, तिथे हा प्रश्नच फारसा येत नाही. पण दुपदरी रस्त्यावर रोज भरलेली गाडी न्यायची असेल, रनिंग जास्त असेल, तर डिझेल सोपं पडतं. मात्र बीएस-६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ राहायला गाडी अधूनमधून सलग पळवावी लागते. रोज घर ते शेत चार-पाच किलोमीटरच फिरवली तर तो चोंदतो. अशा वापराला पेट्रोलच बरं. टर्बो पेट्रोलने फरकही कमी केला आहे. नेक्सॉनचं पेट्रोल १७० न्यूटन-मीटर, डिझेल २६०, हॉर्सपॉवर मात्र जवळपास सारखीच.

डिझेलवाल्यांनीही फुशारकी मारू नये. दीड हजाराच्या खाली टर्बो जागा होत नाही, तिथे तुम्हालाही गिअर उतरवावाच लागतो.

मी आता एवढंच पाळतो. ट्रकच्या मागे चिकटायचं नाही. गिअर आधी उतरवायचा, मग गाडी बाहेर काढायची. चिखलात शिरायच्या आधी गिअर टाकतो ना आपण, शिरल्यावर नाही. आणि रस्ता कमी वाटला तर ट्रकच्या मागेच राहायचं. तुमसर काही पळून जात नाही.

परतताना साळ्याला हेच करून दाखवलं. तोच तिसरा गिअर, तीच गाडी. तो म्हणाला, “आता कसा दम आला हो हिच्यात?”

तुमचा हात कशावर बसला आहे, सांगा.