खोली कोणाची, मूल कोणाचे?

एड्स या शब्दाची दहशत आता पुष्कळ ओसरली आहे. १९८६ साली चेन्नईत एचआयव्हीचा संसर्ग प्रथम आढळला, तेव्हापासूनची जवळजवळ दोन दशके या रोगाने महाराष्ट्राला आणि त्यातही मुंबईला अक्षरशः ग्रासले होते. आज औषधे मोफत मिळतात, गर्भवतींची तपासणी होते, मातेकडून बालकाला होणारा संसर्ग बव्हंशी टाळता येतो. १ डिसेंबरला लाल फिती लावून निघणाऱ्या फेऱ्यांत पूर्वीचा आवेश उरला नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु रोग आटोक्यात आला म्हणून रोगाने मोडलेले घर आपोआप उभे राहत नाही. एड्सने आई किंवा बाप, अथवा दोघेही हिरावून नेलेल्या मुलांची संख्या जगात आजही सव्वा कोटीहून अधिक मानली जाते. आणि भारतात एचआयव्हीबाधितांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्रातच आहे.

यांतील कित्येक मृत्यू टळू शकले असते, ही गोष्ट अधिक बोचणारी आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्याच सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार साडेतीनशे डॉलरमध्ये देण्याची तयारी जाहीर केली. पाश्चात्त्य कंपन्या त्यासाठी दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक घेत होत्या. बहुराष्ट्रीय मक्तेदारीला एका भारतीय उद्योगाने दिलेला हा तडाखा अभिमानास्पद होता, यात शंका नाही. आफ्रिकेतील लक्षावधी रुग्णांना भारतीय औषधांनी पुढे जीवदान दिले. पण याच कंपनीचा कारखाना असलेल्या विक्रोळीच्या अल्याडपल्याड, घाटकोपर-भांडुपच्या वस्तीतील रुग्णाला ती औषधे सरकारी रुग्णालयातून विनामूल्य मिळण्याची सोय झाली १ एप्रिल २००४ रोजी, तीही आरंभी देशभरातील आठ केंद्रांत. मुंबईसाठी जे. जे. रुग्णालय. मधल्या तीन वर्षांत पोरक्या झालेल्या मुलांचा जाब कोणी कोणाला विचारायचा?

या घरांची पडझड साधारणतः एकाच क्रमाने झाली. प्रथम बाप खंगला. क्षयाचे निदान झाले, मूळ आजाराचे नाव घरात कोणी उच्चारले नाही. दागिने, मग गावची जमीन उपचारांत गेली. त्याच्यामागे, बहुधा त्याच्याकडूनच संसर्ग झालेली आई गेली. मग आजीने मुलांना सातारा-सांगलीकडे गावी नेले किंवा ती स्वतःच मुंबईच्या खोलीत येऊन राहिली. मुंबईने रोग दिला आणि गावाने मूल वाढवले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. ज्यांना गावानेही थारा दिला नाही, त्यांच्यासाठी पुण्यात विजयाताई लवाटे यांचे ‘मानव्य’ १९९७ पासून आणि पंढरपुरात मंगलताई शहा यांचे ‘पालवी’ २००१ पासून उभे राहिले. ही कामे शासनाच्या आदेशाने झाली नाहीत. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी ‘सेवालय’ काढले, तेव्हा तेथील मुले शाळेत येतात म्हणून गावातील पालकांनी २००९ मध्ये आपली मुले शाळेत पाठवणे बंद केले होते. सेवेच्या वाटेवर फुले पसरलेली नसतात, ती अशी.

मात्र संस्थेत पोहोचणारी मुले थोडीच. बाकीची आजी, मावशी, काका यांच्याकडे वाढतात आणि ते इष्टही आहे. कुटुंबसंस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने नेमक्या याच ठिकाणी डोळे उघडे ठेवायला हवेत. कारण अंधेरी, बोरिवली, मुलुंडसारख्या उपनगरांत अनाथ मुलाबरोबर आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे बापाची खोली. असल्फाच्या टेकडीवरची वा मरोळच्या वस्तीतली दहा बाय पंधराची ती झोपडी कालपर्यंत कवडीमोल होती. पुनर्वसन योजना आली की त्याच खोलीच्या जागी लाखो रुपयांची सदनिका मिळते. मग जे नातलग आजारपणात पाणी द्यायला फिरकले नाहीत, ते फोटोपास, शिधापत्रिका आणि वीजबिल ‘सांभाळून ठेवण्यासाठी’ घेऊन जातात. परिशिष्ट-२ च्या पात्रता यादीत दुसऱ्याचेच नाव लागते आणि मूल अठरा वर्षांचे होते तेव्हा त्याच्या हाती ना कागद असतो, ना पत्ता. सगळेच काका असे नसतात. पोटच्या मुलांहून जास्त माया करणारेही आहेत. पण एखादे मूल सज्जन काकाच्या पदरी पडेल की लबाड काकाच्या, हे नशिबावर सोडणे म्हणजे समाजाने आपले कर्तव्य टाळणेच होय.

कायद्याने ते नशिबावर सोडलेले नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यातील भेदभावाविरुद्धच्या तरतुदींची चर्चा झाली, मुलांच्या मालमत्तेविषयीचे सोळावे कलम मात्र दुर्लक्षित राहिले. या कलमान्वये बाधित कुटुंबातील मुलाच्या घराची कागदपत्रे बालकल्याण समितीकडे सुरक्षित ठेवता येतात. मुलाला घरातून काढले, काढण्याचा घाट घातला किंवा घरात कोणी घुसखोरी केली तर त्याच समितीकडे तक्रार करता येते. हे पालकच नव्हे, मुलाच्या हितासाठी झटणारी कोणीही व्यक्ती करू शकते. मुंबई उपनगर जिल्ह्यासाठी स्वतंत्र समिती आहे. शिवाय आजारी आईला, ती हयात असतानाच, आपल्या पश्चात वा आपण असमर्थ ठरल्यास मुलाचा पालक कोण, हे लिहून ठेवता येते. वस्तीत ज्यांचे येणे-जाणे आहे, अशा कार्यकर्त्यांनी हा कागद त्या माउलीकडून वेळेत करून घेणे हे खाऊवाटपाहून कितीतरी मोलाचे काम आहे.

पैशाचेही तसेच. बालसंगोपन योजनेत दीर्घकाळ दरमहा अवघे ४२५ रुपये मिळत. पुढे ते ११०० आणि २०२३ पासून २२५० झाले. नातवंडांना वाढवणाऱ्या आजीच्या हाती ही रक्कम पडली तर शाळा आणि औषधांसाठीचा प्रवास सुटणार नाही. पण अर्ज, मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचा दाखला ही पायपीट सत्तरीच्या बाईने करायची कशी? परदेशी निधीवर चाललेले मोठमोठे प्रकल्प प्रतिबंधाचे काम करून मुदत संपताच आवरते झाले. आजीसोबत कार्यालयाची पायरी चढणारा माणूस त्यांच्या अंदाजपत्रकात फारसा नव्हता.

सुखवस्तू वसाहतींतही या मुलांविषयी कळवळा आहे, पण त्याची तऱ्हा कधी कधी विचित्र असते. वह्या देताना फलक लावून छायाचित्र काढले जाते. मुलाचा आजार किंवा ओळख अशी उघड करणे कायद्याविरुद्ध आहे, हे आयोजकांच्या गावीही नसते. ‘बिचाऱ्या निष्पाप मुलांचा काय दोष’ हे वाक्यही सहज उच्चारले जाते. त्यातून आईच्या पदरी पाप टाकले जाते, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लग्नाच्या नवऱ्याकडून रोग घेऊन, त्याचीच शुश्रूषा करून ती मेलेली असते. ते मूल हे सारे ऐकत असते.

याच कायद्याचे बत्तिसावे कलम मोठे विलक्षण आहे. बाधित कुटुंबाचा कारभार सांभाळणारे, पुरेशी समज असलेले बारा ते अठरा वर्षे वयाचे भावंड आपल्या धाकट्या भावंडाचे पालक होऊ शकते. शाळाप्रवेश, उपचार, बँक खाते, मालमत्तेची देखभाल, या सर्वांसाठी. चौदा वर्षांची मुलगी धाकट्या भावाचा हात धरून घाटकोपरच्या एखाद्या शाळेत प्रवेशअर्ज घेऊन उभी राहिली आणि ‘पालकाची सही’ या रकान्यात तिने स्वतःचे नाव लिहिले, तर तो अर्ज कायदेशीर आहे. खिडकीपलीकडचा कारकून तो स्वीकारील काय?