माळ्यावरची रिकीब

बालमित्रांनो,

आज बाई तुम्हांला आपलीच एक चूक सांगणार आहेत. हसायचं नाही हं!

लहानपणी आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक जड लोखंडी कडं होतं. वरून कमानीसारखं, खाली चपटं. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून आम्ही ते दाराला लावून ठेवायचो. एका दिवाळीच्या साफसफाईत मी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं आणि आलेल्या पैशांची कुल्फी खाल्ली!

पुढे डी. एड.ला असताना आमची सहल एका वस्तुसंग्रहालयात गेली. पाहते तर काय, काचेआड अगदी तस्संच कडं! खाली पाटी होती, ‘रिकीब’. घोडेस्वार जिच्यात पाय ठेवतो, ती. रिकिबीत पाय रोवला की स्वाराला तोल सांभाळून भाला-तलवार चालवता येते. मला एकदम चुकल्यासारखं झालं. आमच्या घरी ती कुणाची होती? आजोबांना विचारायचं राहूनच गेलं, आणि आता आजोबाही नाहीत.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणी. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं सभासद बखरीत लिहिलं आहे. म्हणजे लढाई नुसती तलवारीवर होत नव्हती. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणाराही हवाच! त्यांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. उरल्या त्या नाल, लगाम, खोगीर अशा वस्तू.

अहिल्यानगरला (पूर्वीचं अहमदनगर) १९९४ साली रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. त्याच्या नावात ‘कॅव्हलरी’, म्हणजे घोडदळ, हा शब्द आहे. रणगाड्यांत घोडदळ कुठून आलं? तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आपल्या घोडदळाच्या पलटणींचे घोडे गेले आणि रणगाडे आले. नावं मात्र राहिली. १८१७ साली उभी राहिलेली ‘पूना हॉर्स’ १९६५ आणि १९७१ ची युद्धं रणगाड्यांवरून लढली. तिथला जवान आजही ‘सवार’ आणि अधिकारी ‘रिसालदार’ म्हणवतो!

संग्रहालयात वस्तू आली की तिला क्रमांक देतात, आणि ती कुठली, कुणाची, कशी मिळाली हे नोंदवहीत लिहितात. ही नोंद नसेल तर वस्तू मुकी होते.

म्हणून या रविवारी एक काम करा. घरातली एक जुनी वस्तू शोधा. ती चिंच किंवा विटकरीनं घासूपुसू नका. जुनं लोखंड त्यानं झिजतं. आधी आजी-आजोबांजवळ बसा, विचारा आणि ते सांगतील ते वहीत लिहून काढा.

आणि पालकांनो, भंगारवाल्याची हाक आली, तर पिशवी एकदा मुलांना उघडून पाहू द्या.

तुमच्या,
बाई