नव्या ड्रायव्हरची घाई नको

सभासद बंधूंनो, आपली बरीच पोरं मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांकडे ट्रकवर लागतात. चांगलेच आहे, दोन एकर उसावर सगळ्या भावांचे भागणार कसे? पण पोरगा घरी कळवतो, "अजून स्टिअरिंग देत नाहीत, नुसतं वस्तादाशेजारी बसवलंय," आणि बाप म्हणतो, "मग ये निघून." इथे आमचे मत वेगळे आहे.

उसाची ट्रॉली ओढली म्हणजे ट्रक आला असे नव्हे. कायद्यालाही वयाची २० वर्षे पुरी लागतात, आणि ट्रकच्या शिकाऊ लायसनआधी हलक्या गाडीचे लायसन वर्षभर हातात लागते. आंबा घाट भरल्या गाडीने न्यूट्रलवर उतरला तर चार पैशांचे डिझेल वाचेल असे वाटते. पण सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. खालचा गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर गाडी कशी रोखायची, हवेचा काटा भरल्याशिवाय गाडी का हलवायची नाही, हे शेजारी बसूनच अंगात मुरते. तेवढे महिने बसू द्या त्याला.

हट्ट धरायचाच तर झोपेचा धरावा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास ठरवले, ५ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती घातली. तरी नवा पोरगा "झोप येतेय" म्हणायला आजही लाजतो. घरून फोन केलात तर आधी विचारा, रात्री किती झोपलास? पगाराचे मागाहून.