माहितीपत्रक नेमके कोणासाठी?

संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. इतर गोळ्यांसारखी ती कोणी रोज घेतली, तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, प्रसंगी जीवही जातो. सदाशिव पेठेतल्या दुकानातून महिन्यापुरत्या चार गोळ्या कापून नेणाऱ्या माणसापर्यंत ही सूचना छापील स्वरूपात पोहोचते का? बहुधा नाही. अनेक पट्ट्यांच्या खोक्यात माहितीपत्रक एकच असते आणि ते खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. कापलेल्या पट्टीवर कधीकधी मुदतीची तारीखही उरत नाही.

पत्रक हाती आलेच, तर आधी चष्मा शोधावा लागतो. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे, आणि कित्येकदा वरच लिहिलेले असते की, हे फक्त नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी आहे. ज्याच्या पोटात गोळी जाणार, त्याच्याशी पत्रक बोलतच नाही! दोष एकट्या कंपन्यांचा नाही. औषध नियम, 1945 मधील ‘डी-2’ अनुसूचीत पत्रकात काय असावे हे सविस्तर दिले आहे. भाषा मात्र इंग्रजी सांगितली आहे.

सामान्य माणसासाठी लिहिताच येत नाही, असेही नाही. जानेवारी 2021 मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशिल्ड घेणाऱ्यांसाठी काढलेले पत्रक प्रश्नोत्तरांच्या रूपात होते. ॲलर्जी, ताप, रक्त पातळ करणारी औषधे, गर्भारपण यांपैकी काही असेल तर आधी सांगा, असे त्यात सरळ म्हटले होते. युरोपीय संघात पत्रक त्या त्या देशाच्या भाषेत द्यावे लागते आणि त्याची परीक्षा सामान्य वाचकांकडून होते. साधारण 20 जणांना प्रश्न विचारतात; किमान 16 जणांना उत्तर सापडले आणि समजले, तरच मसुदा पुरेसा मानतात. आपल्याकडची किती पत्रके या चाळणीतून पार पडतील?

ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यातून बॅच, मुदत, उत्पादक कळतो. गोळी रोजची की आठवड्याची, हे कळत नाही. कोड आहेच, तर त्यामागे मराठीतले एक पान जोडणे फार अवघड नाही. साधा फोन वापरणाऱ्या आजींना तेच पान दुकानदाराने छापून द्यावे. आणि मेथोट्रेक्सेटपुरते तर नियम बदलण्याचीही वाट पाहायला नको: पाकिटावर ‘आठवड्यातून एकदाच’ असा शिक्का, आणि त्याखाली पेनाने लिहिलेला वार.