खडकाखालचा अणू आणि आकाशातला बॉम्ब

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानांनी इराणमधील फोर्दो येथील भूमिगत अणुकेंद्रावर प्रचंड बॉम्ब टाकले, तेव्हा आपल्याकडील अनेक सुशिक्षित घरांतही समाधान व्यक्त झाले. ‘एकदाचा प्रश्न मिटला,’ असे म्हटले गेले आणि त्यापाठोपाठ दुसरे वाक्य आले, ‘आपणही शेजाऱ्याचे असेच करावयास हवे.’ या दोन्ही वाक्यांना माझा विरोध आहे. पहिले वस्तुस्थितीला धरून नाही आणि दुसरे आपल्याच मुलाबाळांच्या जिवावर उठणारे आहे.

प्रथम खडकाचा विचार करू. आमच्या मुळशीच्या काळ्या पाषाणात विहीर खोदणारा माणूस सुरुंगाची दारू खडकावर ठेवून पेटवीत नाही. तो आधी खडकात भोक पाडतो, दारू आत ठासतो आणि मगच बत्ती देतो; कारण उघड्यावरील स्फोटाचा बहुतेक जोर हवेत विरतो. अमेरिकेचा बॉम्बही याच न्यायाने चालतो. सुमारे १३,६०० किलो वजनाचा हा बॉम्ब उंचावरून पडतो, वेगाच्या जोरावर जमिनीत घुसतो आणि मग फुटतो. त्याची पोच सुमारे ६० मीटर सांगितली जाते; खडक जितका कठीण तितकी ती कमी. फोर्दोची दालने ८० ते ९० मीटर खोल असल्याचे मानले जाते. म्हणूनच २२ जून रोजी तेथील हवेच्या दोन विवरांच्या रोखाने एकामागून एक बारा बॉम्ब टाकावे लागले. आतील यंत्रांची त्यामुळे मोठी हानी झाली असणार, हे मी नाकारीत नाही. अतिवेगाने फिरणारी सेंट्रिफ्यूज यंत्रे नुसत्या हादऱ्यानेही मोडतात.

परंतु यंत्र मोडणे वेगळे आणि युरेनियम नष्ट करणे वेगळे. अशा स्फोटाने युरेनियमचे अणू बदलत नाहीत. ते विखुरते, गाडले जाते, हवेतील ओलाव्याशी त्याच्या संयुगाचा संबंध आल्यास विषारी वायू निर्माण होतो. ते नाहीसे मात्र होत नाही. हल्ल्यापूर्वी इराणजवळ ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेले सुमारे ४४० किलो युरेनियम होते, असा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा हिशेब होता. हा हिशेब विमानांनी नव्हे, निरीक्षकांनी ठेवला होता. जुलैच्या आरंभी ते निरीक्षक इराणबाहेर पडले आणि साठा कोठे व किती उरला, हे त्या संस्थेला पडताळता येईना. साठा नष्ट करण्यासाठी टाकलेल्या बॉम्बने साठ्याची मोजदादच नष्ट केली!

‘निदान काही वर्षांचा विलंब तरी झाला ना?’ असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इराकने दिले आहे. ७ जून १९८१ रोजी इस्रायलने बगदादजवळची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली. ती जमिनीवर होती, म्हणून उद्ध्वस्त झाली. पण इराकने आपला बेत सोडला नाही. त्याने तो लपविला आणि वाढविला. १९९१ च्या युद्धातील बॉम्बवर्षावालाही त्यातील बरेच काही सापडले नाही. ते शोधून मोडून काढले युद्धानंतर गेलेल्या निरीक्षकांनी. मिळालेला अवधी करारासाठी वापरला नाही, तर प्रतिपक्ष तो अधिक खोल खणण्यासाठी वापरतो.

आता दुसरे वाक्य. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी पाकिस्तानातील किराणा टेकड्यांवर आपण मारा केल्याची अफवा पसरली. एअर मार्शल ए. के. भारती यांनी तिचा स्पष्ट इन्कार केला. तरीही तिच्यावर आनंद मानणारे कमी नव्हते. त्यांनी नकाशा पाहावा. तुर्भ्याच्या अणुभट्ट्या मुंबईच्या कुशीत आहेत, मुळशीपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. तारापूरचे वीजकेंद्र १९६९ पासून चालू आहे आणि त्याच पट्ट्यात वसई-पालघरचे आपले धर्मग्राम आहेत. या जागा कोणत्याही डोंगराखाली दडलेल्या नाहीत. आपण ज्या न्यायाची मागणी करतो, तो उलटला तर पहिली झळ कोणाला?

ही झळ ओळखूनच ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. २७ जानेवारी १९९१ पासून तो लागू आहे. १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही देश अशा केंद्रांच्या याद्या परस्परांना देतात. कारगिलनंतर, मुंबईवरील हल्ल्यानंतर, सिंदूरनंतरही ही प्रथा खंडित झाली नाही. या याद्यांनी मैत्री निर्माण झाली नाही, हे खरे; पण अणुकेंद्रांवर हल्ला झाला नाही, हेही तितकेच खरे.

न्याय्य युद्धासाठी ख्रिस्तसभा ज्या अटी घालते, त्यांत यशाची सबळ शक्यता ही एक अट आहे. यश म्हणजे दालन कोसळल्याचे छायाचित्र नव्हे. धोका टळला का, हाच खरा प्रश्न. जेथे मोजणाराच हाकलला गेला, तेथे ‘होय’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणून टाळ्या वाजवावयाच्याच असतील, तर त्या विमानांसाठी नकोत; दर १ जानेवारीस निमूटपणे दिल्या-घेतल्या जाणाऱ्या त्या दोन याद्यांसाठी वाजवाव्यात.