रक्तातली आक्रमकता? कारवानी कुत्रा, तेवीस जातींची यादी आणि १८७१ ची सावली

१/
धाराशिव-लातूर पट्ट्यातील कारवानी कुत्र्याची पिल्ले समाजमाध्यमांवर ‘लढाऊ रक्ताची’ म्हणून मिरवली जातात. दुसरीकडे काही विदेशी जातींवर ‘जन्मतःच हिंस्र’ असा शिक्का मारून बंदी मागितली जाते. पहिला दावा अभिमानातून येतो, दुसरा भीतीतून. दोघांचा पाया मात्र एकच: स्वभाव रक्तातून ठरतो. हा पाया इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

२/
आधी कारवानीची ओळख. उंच पाय, निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट. काफिल्यांसोबत दख्खनेत आला म्हणून ‘कारवानी’, असे मानले जाते. लांब केसांचा तो पश्मी. कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांच्या पैदाशीला आश्रय दिला, म्हणून तिकडे ‘मुधोळ’. २००५ साली टपाल खात्याने त्यावर तिकीट काढले. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. त्यामुळे हा वारसा दोन्ही जिल्ह्यांचा आहे.

३/
या कुत्र्याचे काम कोणते? बालाघाटच्या उघड्या माळरानावर हलणारा ससा दुरून टिपणे आणि वेगाने गाठणे. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. सशामागे धावणे ही शिकारप्रवृत्ती; माणसावर धावून जाणे ही भीती, वेदना किंवा राखणदारीतून आलेली आक्रमकता. कारवानी अनोळखी माणसापासून अंतर राखतो, परका हात अंगावर येताच बुजतो. त्याला ‘योद्धा’ म्हणणे म्हणजे त्याच्या मूळ कामाचेच अज्ञान.

४/
शिवकालीन सैन्यात या कुत्र्यांची पथके होती, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी समकालीन कागद दाखवावा. आख्यायिकेला कागदाचा दर्जा देता येत नाही, आणि पिल्लाची किंमत वाढवण्यासाठी रचलेल्या मजकुराला तर आख्यायिकेचाही देता येत नाही.

५/
मग ‘शुद्ध रक्त’ आले कुठून? कुत्रे कामावरून ओळखण्याची रीत जुनी: राखणीचा, मेंढरांचा, शिकारीचा. बंदिस्त वंशावळीची कल्पना मात्र व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडची. १८५९ साली न्यूकॅसल येथे पहिले मोठे श्वानप्रदर्शन भरले. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. तेथून कुत्र्याच्या कामापेक्षा त्याचा कागद मोठा ठरू लागला.

६/
त्याच काळातील दोन कायदे शेजारी ठेवून वाचावेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ सांगते की, पाळीव जनावरापासून इतरांना धोका होऊ नये याची काळजी मालकाने घ्यावी. हलगर्जी केल्यास शिक्षा मालकाला. जनावराची जात विचारलेलीच नाही. अकराच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा आला. त्याने कृती बाजूला सारली आणि जन्मालाच पुरावा मानले.

७/
या विचाराचा एक धागा नळदुर्गपर्यंत येतो. १८५३ साली निजामाकडून कंपनीकडे आलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार फिलिप मेडोज टेलरने पाहिला. ठगांवरील त्याच्या १८३९ च्या कादंबरीने ‘पिढीजात गुन्हेगार’ ही प्रतिमा इंग्रजी वाचकांत रूढ केली. पुढे मुंबई इलाख्यात पारध्यांसह अनेक जमाती यादीत गेल्या. शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली. तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

८/
येथे माणसांची तुलना कुत्र्यांशी नाही. तशी तुलना निंद्य ठरेल. तुलना आहे ती यादी करणाऱ्या नजरेची. एकेकाला पारखण्याचे कष्ट टाळायचे, पालनकर्त्याचे किंवा सत्तेचे दायित्व झाकायचे आणि दोष जन्मावर ढकलायचा, ही ती नजर.

९/
१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुपालन विभागाने २३ ‘हिंस्र’ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास राज्यांना कळवले. त्यात पिटबुल, रॉटवायलर यांच्यासोबत ‘टेरिअर’ आणि ‘मॅस्टिफ’ असे अख्खे गटच होते. टेरिअर गटात मांडीवर मावणारे कुत्रेही येतात! एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने हे परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकलेच नव्हते, हे त्यामागचे एक कारण.

१०/
विज्ञान काय सांगते? २०२२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्या कुत्र्याच्या वर्तनातील फरकांपैकी सरासरी सुमारे ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट होतो. कुत्रा किती सहज चिडेल, याबाबत तर जात जवळजवळ काहीच सांगत नाही.

११/
आक्षेप रास्त आहे: मोठ्या जबड्याचा चावा अधिक घातक असतो आणि झुंजीसाठी निवडलेल्या वंशात धोका वाढू शकतो. दोन्ही मान्य. परंतु त्यातून पैदास करणाऱ्यावर आणि मालकावर नियंत्रण असावे, इतकेच सिद्ध होते. नेदरलँड्सने १९९३ साली पिटबुलवर बंदी घातली; चावे घटले नाहीत, म्हणून २००८ साली ती मागे घेण्याचे ठरले.

१२/
धाराशिवच्या गावात याचा अर्थ काय? शेतातल्या आखाड्यावर दिवसभर साखळीला बांधलेला, माणसांची सवय नसलेला, ‘कडक व्हावा’ म्हणून डिवचलेला कारवानी एके दिवशी लेकराला चावतो, तेव्हा लोक म्हणतात, ‘रक्तच तसे!’ साखळी आणि डिवचणारा हात दोन्ही निर्दोष सुटतात. उलट, रस्त्यावरचा गावठी कुत्रा कोणत्याच यादीत नाही. पण लस नसेल तर त्याचाही एक चावा रेबीज देऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजमधून जवळजवळ कोणीच वाचत नाही.

१३/
म्हणून मागणी याद्यांची नको. लसीकरणाची, निर्बीजीकरणाची, पैदाशीच्या नोंदणीची आणि मालकाच्या जबाबदारीची हवी. कलम २८९ आज भारतीय न्याय संहितेत २९१ म्हणून उभे आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वापरावे.

१४/
आणि ज्यांना इतिहासाचे प्रेम आहे, त्यांनी ‘रक्तातच आहे’ हे वाक्य ऐकले की, ते कुत्र्याविषयी असो वा माणसाविषयी, एक प्रश्न विचारावा: हे म्हटल्याने नेमकी कोणाची जबाबदारी टळते?