उत्तराचा ताळा

गणिताचें उत्तर निघालें, कीं त्याचा ताळा करून पाहावा, ही आपल्याकडील जुनी शिस्त होय. ताळा जमला नाहीं तर पाटी पुसून पुन्हां आरंभ करावा लागे. ही शिस्त आतां मागें पडत चालली आहे, असें आमचें मत आहे.

लातूर व नांदेड हीं नगरें आज शिकवणीच्या वर्गांसाठीं सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहेत. 'लातूर पॅटर्न'नें खेड्यापाड्यांतील मुलांस वैद्यकाचीं व अभियांत्रिकीचीं दारें उघडून दिलीं, हें आम्ही आनंदानें मान्य करतों. परंतु चार पर्यायांतून एक निवडण्याच्या घाईंत, निवडलेलें उत्तर खरें कशावरून, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःस विचारीनासा होतो. आणि शास्त्राचा प्राण तर त्याच प्रश्नांत आहे.

अणुगर्भाचेंच उदाहरण घ्या. त्यांतील प्रोटॉन व न्यूट्रॉन यांस बांधून ठेवणारें बल डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञ एक कण दुसऱ्यावर सोडतात व तो कोणत्या कोनांत वळला हें मोजतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीस भूकंप झाला. भूमीच्या पोटांत कोणी उतरलें नाहीं. दूरदूरच्या यंत्रांवर पोहोंचलेल्या लहरींवरूनच त्याचें स्थान गणितानें ठरविलें गेलें. बाहेर आलेल्या खुणेवरून आंतील गोष्ट ओळखण्याचा हा तर्क दोन्हीकडे सारखाच.

हें गणित करण्याचे निरनिराळे मार्ग आहेत. एका मार्गांत बलाचें एक रूप गृहीत धरून श्रोडिंगरचें लहरींचें समीकरण पावलोपावलीं सोडवीत बाहेर यावयाचें, आणि मोकळ्या लहरीच्या तुलनेनें ही लहर किती सरकली तें पाहावयाचें. बल ओढणारें असेल तर लहर आंत खेचली जाते. लोटणारें असेल तर बाहेर ढकलली जाते. दुसरा मार्ग लिपमन व श्विंगर यांनीं १९५० सालीं मांडलेल्या समीकरणाचा. त्याचीं शेवटीं एकसामयिक समीकरणें होतात. शाळेंत आपण दोन अज्ञातांचीं सोडवितों. येथें अज्ञातें डझनांनीं असतात, म्हणून संगणक लागतो.

आतां ताळा पाहा. पाऊल निम्में केल्यावर उत्तर बदललें, तर पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवतां येत नाहीं. दोन्ही मार्गांचीं उत्तरें जुळलीं पाहिजेत. तीं जुळलीं तरी आंकडेमोड बरोबर, इतकेंच सिद्ध झालें. गृहीत धरलेलें बल खरें कीं खोटें, हें प्रयोगानेंच ठरावयाचें. १९९३ सालीं हॉलंडांतील नाइमेखन येथील शास्त्रज्ञांनीं असें गणित चार हजारांहून अधिक मोजमापांशीं ताडून पाहिलें. शिवाय सुटा न्यूट्रॉन सरासरी पंधराएक मिनिटांत नष्ट होतो. न्यूट्रॉनवर न्यूट्रॉन सोडण्याचा साधा प्रयोग त्यामुळें साधत नाहीं; तेथें तर चोख गणितावरच पुष्कळशी भिस्त असते.

हें काम परक्यांचेंच, असें कोणीं समजूं नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९६० सालीं 'टिफ्रॅक' हा संगणक स्वतः बांधून चालू केला. पुण्यास १९९१ सालीं 'परम' महासंगणक सिद्ध झाला. त्या कार्याचे अध्वर्यु विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील. आणि वर सांगितलेलें साधें गणित आज घरगुती संगणकावरही करतां येतें.

परीक्षेच्या धांवपळींत यास वेळ कोठें, असें पालक विचारतील. आमचें मागणें थोडेंच आहे. आठवड्यांतून एक उदाहरण मुलानें दोन रीतींनीं सोडवावें, आणि उत्तरें जुळलीं नाहींत तर कां, तें स्वतः शोधावें. गुणपत्रिकेंत याचा आंकडा दिसणार नाहीं. परंतु उद्यां हाच मुलगा वैद्य होऊन औषधाचें प्रमाण ठरवील, किंवा ही मुलगी अभियंता होऊन किल्लारीसारख्या गांवीं घरांचा पाया आंखील. तेव्हां समोर चार पर्याय छापलेले नसतील, आणि चुकीची किंमत गुणांत मोजली जाणार नाहीं.